सिद्रामप्पाचं वारं

तुळजापुरात नारायणरावांना संस्कृतचे सर म्हणून ओळखणारी माणसं आता पस्तिशीच्या पुढची. बाकीच्या गल्लीला ते किड्यांचे सर म्हणून ठाऊक. कुणाचा रेडिओ मोडला, टीव्ही भंगारात निघाला, दुकानातला जुना इलेक्ट्रिक काटा बंद पडला, की त्यातली दोन्ही अंगांना पाय असलेली चिप उपटून लोक सरांच्या दारात आणून द्यायचे. दिसायला ती गोमेसारखी, त्यामुळं नावही तसलंच पडलं. सरांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. दोन पिढ्यांना रूपं पाठ करायला लावून ज्यानं शिव्या खाल्ल्या, त्याला या नावाचं काय मोठं वाटणार.

संस्कृतच्या माणसाला हा नाद लागला तो शाळेच्या पहिल्या कॉम्प्युटरमुळं. तो मोडीत निघाला तेव्हा सर सहज बघत उभे होते, आणि विज्ञानाचे मास्तर एक चिप हातात धरून म्हणाले, ‘‘यात लिहिलेलं असतं, सर. वीज गेली तरी राहतं.’’ झालं. एवढं एक वाक्य पुरलं. सरांच्या घरात आजोबा-पणजोबांपासूनच्या पोथ्या होत्या. निम्म्या सरांनाही लागत नव्हत्या, पण म्हणून कुणी टाकल्या नव्हत्या. कुणीतरी बसून लिहिलंय, आता ते कुणाला वाचता येत नाही, तर निदान जपावं, हा त्या घराचा धर्मच होता. चिपांनाही तोच लागू झाला.

त्यातल्या त्यात सरांचा जीव खिडकीवाल्या चिपांवर. या चिपांच्या पाठीवर नखाएवढी गोल काच असते. काचेवर बहुतेक वेळा कुणीतरी चिकटपट्टी मारलेली असायची. सर ती ओल्या फडक्यानं हळूच सोडवायचे, डिंक स्पिरिटनं पुसायचे आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून आत बघायचे. आत आखीव रानं असायची. घाट उतरताना तामलवाडीकडची शेतं दिसतात तशी, बांधाला बांध लागून, मधून सोनेरी पाट. चिप जराशी कलती केली की रानाचा रंग पालटायचा, जांभळा, मग पारव्याच्या मानेसारखा हिरवा. दुपारी जेवण झाल्यावर सर खुर्चीत बसून असे तासन्‌तास त्या बांधांवरून हिंडायचे. एखाद्या वळणावर झोप लागायची आणि झोपेतही ते चालतच असायचे. त्या रानात कुणी भेटत नसे, पण नुकतंच कुणीतरी इथून गेलंय असं वाटायचं.

‘‘कुठवर पोचलात?’’ चारुशीलाबाई चहा घेऊन येऊन विचारायच्या. चाळीस वर्षांचा संसार झालेला, त्यांना सगळं ठाऊक होतं. ‘‘पाटापर्यंत,’’ सर म्हणायचे आणि चहा घ्यायचे.

आणि दरवर्षी भाद्रपद आला, की सर या सगळ्यांना ऊन दाखवायचे. वडील पोथ्यांना दाखवायचे तसंच. पावसाळ्याची ओल पोथीत शिरली की कसर लागते, आणि चिपांचे पाय काळे पडतात. म्हणून स्लॅबवर धोतर अंथरून एका बाजूला पोथ्या आणि दुसऱ्या बाजूला परातीत चिपा, खिडक्या आभाळाकडं करून. कडकडीत आठ दिवस. सर छत्री घेऊन शेजारी बसायचे, कावळ्यांना हाकलायला. ‘‘स्वतः सावलीत बसा आणि किड्यांना ऊन द्या,’’ बाई म्हणायच्या. पण संध्याकाळी परात खाली आणायला त्याच यायच्या.

यंदाच्या दिवाळीनंतर एक फोन आला. ‘‘सर, मी शिवकन्या. लोहाऱ्याच्या सिद्रामप्पाची पोरगी.’’ सर उठून उभे राहिले. फोनवर उभं राहायचं काही कारण नव्हतं, पण राहिले.

सिद्रामप्पा सरांचा विद्यार्थी. सर लोहाऱ्याच्या शाळेत होते तेव्हाचा. संस्कृतात कायम काठावर, पण गॅदरिंगला दिवे लावायचे तर यानंच. पुढं त्यानं मांडव-रोषणाईचं दुकान काढलं. त्या काळात सगळ्यांच्या रोषणाईत मोर पिसारा फुलवायचा नाहीतर कारंजं उडायचं. सिद्रामप्पाच्या डोक्यात भलतंच शिरलं. त्याला ज्वारीच्या रानावरून जाणारं वारं दाखवायचं होतं. एक अख्खा हिवाळा तो वही घेऊन बांधावर बसला, आणि लोकांनी त्याला खुळ्यात काढलं. ‘‘वारं दिसत न्हाय, सर,’’ तो म्हणाला होता. ‘‘धाटं वाकली की कळतं, हितनं गेलं म्हणून.’’ मग त्यानं आठ उभ्या माळा सगळ्या पेटत्या ठेवल्या आणि वारं विझवून दाखवलं. एक माळ विझायची, मग शेजारची, तोवर पहिली उजळलेली असायची. वहीतलं सगळं त्यानं सोलापुरात एकाकडून खिडकीच्या चिपेत लिहून आणलं. दोन हजारांवर खाने, एकेका खान्यात आठ माळांचं चालू-बंद.

त्र्याण्णवच्या गणपतीत सर ती रोषणाई बघायला मुद्दाम लोहाऱ्याला गेले होते. दोन तास उभे होते. विसर्जनाची रात्र सरत आली आणि पहाटेच्या आधी भूकंप झाला. सिद्रामप्पाच्या घरातली माणसं वाचली, घर गेलं, आणि घराखाली वही गेली. आसपासची गावं कशी गेली ते इथं कुणाला सांगायला नको. महिन्याभरानं सिद्रामप्पा तुळजापुरात आला आणि सरांच्या तळहातावर ती चिप ठेवली. ‘‘तुमी जपा. मला बघवत न्हाय आन्‌ फेकवत बी न्हाय.’’ त्यानंतर त्यानं शेती केली. माळ म्हणून लावली नाही. दीड वर्षापूर्वी तो गेला.

शिवकन्या आता धाराशिवच्या आयटीआयमध्ये शिकवत होती. रविवारी अकराच्या सुमाराला स्कूटी दारात लावून ती आत आली आणि दोघांच्या पाया पडली. चाळिशीला आलेली, सडसडीत, बापासारखेच लांब हात. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप, आणि कापडात गुंडाळलेली एक फळी.

‘‘अण्णांचं सर्किट सापडलं, सर. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत होतं. सगळं नीट केलं मी. फकस्त चिपेची खोबण रिकामी हाय.’’ तिनं कापड सोडलं. प्लायवूडच्या फळीवर तिनं बारक्या बल्बांच्या आठ उभ्या माळा बसवल्या होत्या. ‘‘आई सांगती, दहाही दिवस मी आरती झाली की तिच्या मांडीवर झोपायची. सगळ्या लोहाऱ्यानं बघितलं. मीच न्हाय बघितलं. एकदा बघू द्या मला.’’

‘‘आधी माझी मंडळी तर बघ,’’ सर म्हणाले. खरं तर त्यांना तो क्षण थोडा लांबवायचा होता, सणाच्या आदल्या दिवसासारखा. त्यांनी थर्माकोलवर पाय रोवून ठेवलेल्या चिपांचे चार खोके तिच्यापुढं मांडले.

तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिलाही हाच नाद होता. तिनं एक पांढरी, सोनेरी झाकणाची उचलली. ‘‘ही सिरॅमिकची. आता असल्या कुणी करत न्हाय. ह्या पाठीवरच्या आकड्यांत साल आन्‌ आठवडा असतोय. बघा, अठ्ठ्याहत्तरचा बेचाळिसावा आठवडा. दसरा-दिवाळी असंल तवा.’’

‘‘लोक यात काय बघतात?’’ सरांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारायला कुणी भेटलंच नव्हतं.

‘‘ज्याचं त्याचं. कुणाला सोन्याचं झाकण पायजे, कुणाला पहिल्या घाण्यातली पायजे. काहींना पाय एकदम सरळ लागत्यात, कधीच कुठं न बसवलेली. एक जण मला भेटला, तो छपाई चुकलेल्याच जमवतो.’’ ती हसली. ‘‘मला वापरलेलीच आवडती. हातानं लिहिलेली. कारखान्यातनं लाखो निघाल्या, पण कुणीतरी तिच्यात आपलं कायतरी घातलं की तसली ती एकच राहती.’’

सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी चारुशीलाबाईंना हाक मारून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पोथीचंही असंच असतं, कागद सगळीकडं सारखाच, असं ते सांगू लागले. शिवकन्या ऐकत ऐकत खोके चाळत होती आणि मधेच म्हणाली, ‘‘खिडकीवाली घेताना मात्र मी चिकटपट्टी असलेलीच घेती. काच उघडी असली की आतलं जातं.’’

‘‘जातं म्हणजे?’’

‘‘उजेडानं पुसतं. पुसायसाठीच ती काच ठेवलेली असती. मशिनीत अतिनील दिवा लावला की वीस मिनिटांत कोरी होती. नुसत्या उन्हात ठेवली तरी आठवड्याभरात जातं सगळं.’’ तिनं सहज सांगितलं, वर्गात सांगावं तसं, आणि पुढचा खोका ओढला.

सरांच्या हातातलं भिंग हातातच राहिलं. बाई दारात उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तीस भाद्रपद. सिद्रामप्पाच्या चिपेवर चंदेरी पट्टी होती. ती सोडवताना फाटली होती आणि सरांनी डिंकाचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत काच चोळली होती, हे त्यांना आत्ताच केल्यासारखं आठवलं.

‘‘आधी जेवून घेऊ,’’ चारुशीलाबाई म्हणाल्या. ‘‘आणि शिवकन्या, तू इथवर आलीस तर देवीचं दर्शन घेऊन ये. चिप कुठं पळून जात नाही.’’

जेवणं झाल्यावर ती दर्शनाला गेली. सर खुर्चीत बसले. सांगायचं होतं काय, तर साधंच: बाळ, तुझ्या बापाचं मी पुसलं. एवढंच वाक्य, पण ते तोंडात मावत नव्हतं. आणि तेवढ्यात त्यांची नजर कपाटावरच्या काड्यापेटीकडं गेली. त्या पेटीत आणखी एक चिप होती. दसऱ्यानंतर शेजारच्या डेकोरेशनवाल्यानं रोषणाईच्या जुन्या सोलापुरी सेटमधून काढून दिलेली. तशीच, तेवढ्याच पायांची, आणि पट्टी अजून चिकटलेली, कारण ती सोडवायची राहून गेली होती, आणि भाद्रपदही तेव्हा होऊन गेला होता. तिच्यात कारंजं असेल, नाहीतर पोपट असेल. दिवे तर हलतील. शिवकन्येनं मूळचं कधी बघितलंच नव्हतं. ती बघेल, डोळे पुसेल, बापाचं म्हणून घेऊन जाईल, आणि काड्यापेटीचं जगात फक्त एका माणसाला माहीत असेल. तो माणूस शहात्तर वर्षांचा होता.

सरांचा डोळा लागला. ते रानात होते, नेहमीच्या बांधावर. ज्वारी पोटरीला आलेली, आणि पलीकडच्या बांधावर सिद्रामप्पा वही मांडीवर घेऊन बसलेला. सरांनी हाक मारली नाही. वारं येतंय का हे तो बघत होता, आणि वारं येत नव्हतं. धाटं सरळ उभी होती. सिद्रामप्पाला घाई नव्हती. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि तो तसाच बघत बसला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. जाग आली तेव्हा खोलीत तिरपं ऊन आलं होतं, शिवकन्या परत आली होती, आणि काड्यापेटी सरांच्या मुठीत होती.

दिवेलागणीची वेळ झाली. शिवकन्येनं फळी भिंतीला टेकवून उभी केली, वायर लावली आणि हात पुढं केला. सरांनी काड्यापेटी उघडून चिप तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती पट्टीसकट डोळ्यांशी नेली, मग क्षणभर कपाळाला लावली. खोबणीत बसवायला पाय जुळवू लागली.

‘‘थांब,’’ सर म्हणाले. ‘‘ती तुझ्या वडिलांची नाही.’’

मग त्यांनी खिशातून दुसरी काढली. उघड्या काचेची, लखलखीत पुसलेली. आणि सगळं सांगितलं, परातीपासून छत्रीपर्यंत. काड्यापेटीचंही सांगितलं.

 शिवकन्येनं लॅपटॉप काढला, चिप एका छोट्या यंत्रात दाबली आणि पडद्याकडं बघत राहिली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना तिचा ओठ दातात होता.

‘‘सगळीकडं एक,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘एक, एक, एक. कोरी अशीच असती, सर. शून्य लिहावं लागतंय. एक आपसूक असतो.’’

‘‘काहीच नाही?’’

‘‘न्हाय.’’ आणि मग तिला राग आला, आणि तो तिनं लपवला नाही. ‘‘तीस वर्षं, सर? तीस वर्षं उन्हात? कुणाला एकदा इचारायचं तरी. अण्णांनी अख्ख्या मुलखात तुमच्या एकट्याच्या हातात दिली होती ती.’’

सर मान खाली घालून उभे होते. लहानपणी वडिलांपुढं उभे राहायचे तसे. चारुशीलाबाई पुढं आल्या आणि त्यांनी शिवकन्येच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली. सरांना वाटलं, आपणही रडावं, पण तेवढाही हक्क आपला राहिलेला नाही. ते तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं. ‘‘आणलंय तर लावते,’’ ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. तिनं बापाची ती कोरी चिप बापाच्या सर्किटमध्ये बसवली आणि बटण दाबलं.

आठही माळा लागल्या. सगळे बल्ब एकदम, आणि लागले ते लागलेच. एकही मिणमिणला नाही, एकही हलला नाही. खोलीभर पिवळा उजेड पसरला, पोथ्यांच्या कपाटावर, बाईंच्या चेहऱ्यावर, उघड्या खोक्यांतल्या चिपांच्या इवल्या काचांवर. तिघंही बघत राहिली. वारं पडलेलं रान होतं ते.

‘‘असं कधी नव्हतं,’’ सर हळूच म्हणाले.

‘‘मग कसं होतं?’’

सर फळीपाशी गेले. त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंतचा हात उभा धरला, तर पहिली माळ बरोबर झाकली गेली. तिथं ते थांबले. मग हात दुसऱ्या माळेवर सरकला, पहिली उजळली. तिसऱ्यावर, चौथ्यावर जरा भरभर, मग एकदम मागं, जणू वारं काहीतरी विसरून परत फिरलं. शिवकन्या खाली बसली. तिचे डोळे त्या सावलीबरोबर चालले होते.

‘‘थांबलं?’’

‘‘इथं थांबायचंच. लोकांना वाटायचं बिघडलं. मग पलीकडून यायचं.’’ सरांनी दुसरा हात लावला. आता आठव्या माळेकडून एक झुळूक आली आणि दोन्ही सावल्या मधे भेटल्या, एकमेकींतून गेल्या. म्हाताऱ्याचे हात कापत होते, त्यामुळं कडेचे बल्ब थरथरल्यासारखे दिसत होते. चारुशीलाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून बघत होत्या. त्यांना वाटलं, या माणसानं आयुष्यात कुठलंच काम इतक्या मन लावून केलं नसेल.

हात भरून आले तेव्हा सर थांबले. शिवकन्येनं पिशवीतून वही काढली होती, पानावर आठ उभ्या रेघा मारल्या होत्या.

‘‘परत करा, सर. हळू. मी लिहून घेती. ह्याच चिपेत भरीन.’’

सरांनी हात उचलला आणि परत खाली घेतला. आज एकदा खोटं हातात धरून झालं होतं. ‘‘बाळ,’’ ते म्हणाले, ‘‘यातलं अर्धं आठवतंय. अर्धं माझ्या मनाचं आहे.’’

तिनं वर बघितलं. मग पेनाचं टोपण काढलं.

‘‘तुमच्या मनाचं कुठनं सुरू होतंय तेवढं सांगा. तिथं खूण करती.’’

सर पहिल्या माळेपाशी गेले. हात उभा धरला. एक माळ गेली, दुसरी गेली. पेन कागदावर चालत होतं. पाचव्या माळेवर सरांचा हात थबकला, आणि त्यांनी मागं न बघता सांगितलं.

‘‘इथपर्यंत सिद्रामप्पा,’’ ते म्हणाले. ‘‘इथून मी.’’